अन्नाचे वावडे : एका अविश्वासाचा इतिहास

मराठी भाषेतील ‘वावडे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वांगे खाल्ले की एखाद्याच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा त्याला वांग्याचे वावडे आहे असे आपण म्हणतो. आणि एखाद्या आळशी मनुष्यास कष्ट नकोसे वाटतात, तेव्हा त्याला कष्टाचे वावडे आहे असेही म्हणतो. पहिले वावडे शरीराचे आणि दुसरे मनाचे. परंतु दोहोंना एकच शब्द लाभल्यामुळे दुसऱ्याची छाया पहिल्यावर सहज पडते. पानातील पदार्थ बाजूस सारून “हे मला सोसत नाही” असे एखादे मूल म्हणू लागले, की वडील मंडळींस ते लाडावलेले वाटते. पुष्कळदा हा समज खराही असतो. तथापि काही थोड्या मुलांच्या बाबतीत तोच समज प्राणघातक ठरतो. शेंगदाण्याचा चिमूटभर कूट, अंड्याचा अंश किंवा दुधाचा थेंब यांपैकी काहीही त्यांच्या पोटात गेले, तर घटका दोन घटकांत त्यांच्या जिवावर बेतते. अशा मुलांचे म्हणणे खरे मानावयास जगाला किती काळ लागला, याचा इतिहास विलक्षण आहे.

एकाला मानवणारे अन्न दुसऱ्याला बाधते, हे निरीक्षण काही नवे नव्हे. प्राचीन वैद्यकावरील जो ग्रीक ग्रंथ हिपोक्रेटिसच्या नावावर प्रसिद्ध आहे, त्यात चीज काहींस पोषक तर काहींस अपायकारक ठरते, याचा ऊहापोह आढळतो. आपल्याकडील आयुर्वेदातही शरीरास मानवणाऱ्या आहाराला ‘सात्म्य’ व न मानवणाऱ्या आहाराला ‘असात्म्य’ अशा संज्ञा आहेत. परंतु तेवढ्यावरून आजचा सिद्धान्त प्राचीनांस ठाऊक होता असे म्हणणे ओढूनताणून केल्यासारखे होईल. त्यांनी परिणाम पाहिला होता. त्याचे कारण हाती येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

ते कारण शोधण्याचा प्रारंभ भोजनगृहात न होता समुद्रावर झाला, ही यातील मौज होय. १९०१ सालच्या जुलै महिन्यात मोनाकोचा राजा पहिला आल्बर्ट आपले ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ हे जहाज घेऊन समुद्रसंशोधनास निघाला. त्याच्याबरोबर शार्ल रीशे आणि पोल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाटीवर निळ्या फुग्यासारखा दिसणारा व डंख करणारा जो प्राणी वाहून येतो, त्याच्याच जातकुळीतील एका सागरी प्राण्याचे विष अभ्यासावे, असा त्यांचा हेतू होता. पॅरिसला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवाचे विष वापरावयास आरंभ केला. देवीची लस टोचल्याने जशी त्या रोगाची बाधा टळते, तद्वत विषाची अल्प मात्रा टोचल्याने कुत्र्यांना त्याची सवय होईल, ही त्यांची अपेक्षा होती.

घडले ते नेमके उलट. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्यास अल्प मात्रा दिली असता काहीच बाधा झाली नाही. काही आठवड्यांनी, १९०२ च्या फेब्रुवारीत, तीच मात्रा पुन्हा टोचताच त्याला धाप लागली, त्याचे पाय लटपटू लागले आणि अवघ्या पंचवीस मिनिटांत तो गतप्राण झाला. पहिल्या भेटीने शरीर सावध होण्याऐवजी अधिक हळवे झाले होते. संरक्षणाच्या अगदी विरुद्ध अशा या अवस्थेस रीशे यांनी ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. आणि या शोधाबद्दल १९१३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के हे बालरोगतज्ज्ञ घोड्याच्या रक्तापासून केलेली औषधी लस टोचलेल्या मुलांचे निरीक्षण करीत होते. जी लस मुलांस रोगातून वाचवी, तिनेच काही मुलांस ताप येई व अंगावर पुरळ उठे. आणि दुसऱ्या खेपेस हा त्रास फार लवकर होई. बेला शिक या सहकाऱ्यासह पिर्के यांनी १९०५ साली या विकारावर ग्रंथ लिहिला. पुढील वर्षी, म्हणजे १९०६ साली, शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादास त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा दिली. आज घरोघरी रूढ झालेला हा शब्द अशा रीतीने मुलांच्या रुग्णशय्येपाशी जन्मास आला.

तथापि टोचलेले विष आणि ताटातले अन्न यांचा परस्परसंबंध अद्याप जुळावयाचा होता. १९०८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात आल्फ्रेड स्कोफिल्ड नावाच्या डॉक्टरांनी एका तेरा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अंड्याचा लेशमात्र अंश पोटात गेला तरी या मुलाचे अंग सुजे, गांधी उठत आणि दम लागे. स्कोफिल्ड यांनी त्याला अंडे वर्ज्य करावयास सांगितले नाही. अंड्याचा दहा हजारावा भाग असलेली गोळी त्यांनी प्रथम दिली आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेली. काही महिन्यांनी तो मुलगा अंडे खाऊ शकला. त्यानंतर चार वर्षांनी, १९१२ साली, न्यूयॉर्क येथील ऑस्कर श्लॉस यांनी एका आठ वर्षांच्या मुलाचे परीक्षण केले. त्याला अंडे, बदाम व ओट हे तीन पदार्थ बाधत. त्वचेवर हलका ओरखडा काढून त्यावर अन्नाचा अंश ठेवला असता, बाधणाऱ्या पदार्थांच्या ठिकाणी गांध उठते व इतरत्र काही होत नाही, असे त्यांनी दाखविले. मुलाच्या तोंडच्या शब्दाला त्याच्याच त्वचेने साक्ष दिली! तोवर जी केवळ तक्रार होती, तिला आता पुरावा मिळाला.

परंतु ही गांध उठविणारे द्रव्य कोणते, याचे उत्तर एका धाडसी प्रयोगाने दिले. १९२१ साली ब्रेस्लाउ येथील कार्ल प्राउस्नित्स व हाइन्झ क्यूस्टनर या दोघा डॉक्टरांनी तो स्वतःच्या देहांवर केला. क्यूस्टनर यांना शिजविलेल्या माशाचे तीव्र वावडे होते. प्राउस्नित्स मासे खुशाल खात. क्यूस्टनर यांच्या रक्तातील द्रवाचा अंश प्राउस्नित्स यांच्या त्वचेत टोचण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे मोठी गांध उठली. वावडे एका मनुष्याच्या देहातून दुसऱ्याच्या देहात नेता आले! जे रक्ताबरोबर वाहून नेता येते, ते मनाचे चोचले कसे असू शकेल? रक्तातील हे द्रव्य कोणते, हे कळण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षे लोटली. १९६६ साली अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि १९६७ साली स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने त्याचे ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ असे नामकरण झाले.

हे द्रव्य शरीराच्या संरक्षक सैन्यापैकीच आहे. ज्यांना वावडे आहे त्यांच्या शरीरात ते निरुपद्रवी अन्नास शत्रू समजते आणि त्वचा, श्वासमार्ग व आतडी यांतील मास्ट नावाच्या पेशींवर दबा धरून बसते. तो पदार्थ पुन्हा येताच या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आदी तीव्र द्रव्ये बाहेर टाकतात. त्यायोगे अंगावर गांधी उठतात, ओठ व घसा सुजतो, श्वासनलिका आवळते, रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो. मूल घाबरले आहे म्हणून त्यास धाप लागत नाही; श्वास कोंडू लागला म्हणून ते घाबरते.

अविश्वासाची जागा पुढे काही ठिकाणी अतिविश्वासानेही घेतली, हे इतिहासाच्या दृष्टीने नमूद करणे अवश्य आहे. त्वचेवर गांध उठली की तो पदार्थ कायमचा वर्ज्य, असा प्रघात पडल्याने कित्येक मुलांच्या ताटातून एकामागून एक पदार्थ नाहीसे होऊ लागले. वस्तुतः त्वचेवर गांध उठूनही पुष्कळांना तो पदार्थ खाल्ल्याने काही होत नाही. १९७६ साली अमेरिकेतील चार्ल्स मे यांनी मुलांच्या बाबतीत एक काटेकोर पद्धती अवलंबिली. संशयित अन्न कोणत्या वेळी दिले व निरुपद्रवी पदार्थ कोणत्या वेळी दिला, हे मुलास वा परीक्षकास कळू न देता परिणाम पाहावयाचा, ही ती पद्धती. खरे वावडे व नुसता संशय यांची निवड करण्याची ही कसोटी आजही श्रेष्ठ मानली जाते. मात्र ती रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाची असते.

निदान झाले; पण झटका आल्यावर काय करावयाचे? ज्या १९०१ साली रीशे समुद्रावर होते, त्याच सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले होते. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळणे, आवळलेली श्वासनलिका सैल करणे, सूज उतरविणे, हे सारे ते करते. म्हणजे झटक्याचा उताराच तो. परंतु औषध डॉक्टरांच्या कपाटात आणि मूल शाळेच्या मैदानात, ही अडचण कित्येक दशके तशीच राहिली. ती दूर झाली ती युद्धाच्या सामग्रीतून! विषारी वायूवरील उतारा सैनिकाने स्वतःच मांडीत टोचून घ्यावा म्हणून अमेरिकेत एक सुईदार नळी तयार करण्यात आली होती. शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने तिच्यात फेरफार करून अ‍ॅड्रिनॅलिनची लेखणीसारखी नळी सिद्ध केली, आणि १९८७ साली तिला तेथील सरकारची मान्यता मिळाली. उतारा अशा रीतीने मुलाच्या दप्तरात जाऊन बसला.

तरीही मृत्यू थांबले नाहीत, आणि ते का थांबले नाहीत याचा शोध ह्यू सॅम्प्सन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. अन्नामुळे तीव्र झटका आलेल्या तेरा मुलामुलींची हकीकत त्यांनी तपासली. त्यांपैकी सहा दगावली व सात मरणाच्या दारातून परत आली. आपणांस वावडे आहे हे तेराही जणांस ठाऊक होते. मिठाई, बिस्किटे, केक यांतून नकळत तो पदार्थ पोटात गेला होता. जी सात वाचली त्यांपैकी सहांना अर्ध्या तासाच्या आत अ‍ॅड्रिनॅलिन मिळाले होते. जी सहा दगावली त्यांपैकी केवळ दोघांना ते पहिल्या तासात मिळाले. काहींच्या बाबतीत झटका ओसरल्यासारखा वाटून पुन्हा उसळला होता. यावरून निघणारे दोन धडे आजही तितकेच खरे आहेत. अ‍ॅड्रिनॅलिनच्या जागी खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसू नये, हा पहिला. आणि इंजेक्शनाने बरे वाटले तरी रुग्णालयात जाऊन काही तास देखरेखीखाली राहावे, हा दुसरा.

२००१ साली अमेरिकेतच अशा बत्तीस मृत्यूंची छाननी झाली. त्यांपैकी वीस शेंगदाण्याने व दहा बदाम, अक्रोड आदी कवचफळांनी झालेले होते. मृतांत बहुसंख्य किशोर व तरुण होते आणि बहुतेकांजवळ त्या वेळी औषध नव्हते. लहान मुलापाशी आई असते. किशोरापाशी मित्र असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १७४ किशोर व तरुणांना प्रश्न विचारण्यात आले. औषध नेहमी जवळ बाळगतो असे ६१ टक्क्यांनी सांगितले. परंतु खेळावयास जाताना ते बाळगणारे केवळ ४३ टक्के निघाले. चारचौघांत वेगळे दिसण्याची लाज त्या वयात मरणाच्या भयाहूनही मोठी असते. म्हणून, मित्रांना या विकाराची माहिती करून दिली तर आमचे जिणे सुकर होईल, असे त्यांपैकी पुष्कळांनी सांगितले, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

मित्रांप्रमाणेच शाळा आणि बाजार यांनीही या ओझ्यास खांदा द्यावा, हा विचार मग कायद्यात उतरला. त्यामागे दोन मुलींच्या मृत्यूंची कहाणी आहे. कॅनडातील ओन्टारिओ प्रांतातील सब्रिना शॅनन या मुलीला दूध, शेंगदाणे व सोया यांचे वावडे होते. आपल्या या जीवनावर तिने लहान वयातच तेथील राष्ट्रीय रेडिओसाठी एक कार्यक्रम केला होता. २००३ सालच्या सप्टेंबरात, वयाच्या तेराव्या वर्षी, शाळेच्या उपाहारगृहात बटाट्याचे तळलेले काप खाल्ल्यानंतर तिला झटका आला व त्यातच तिचा अंत झाला. दुग्धजन्य पदार्थाचा अंश त्या कापांना लागला असावा, असा निष्कर्ष निघाला. तिच्या आईच्या प्रयत्नांमुळे तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा २००५ साली संमत झाला व १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. शाळेतील कर्मचाऱ्यांस शिक्षण देणे व अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र योजना आखून ठेवणे त्याने बंधनकारक केले. दुसरी मुलगी इंग्लंडमधील नताशा एडनान-लापेरूज. २०१६ सालच्या जुलैत, पंधराव्या वर्षी, विमानप्रवासापूर्वी घेतलेला पावाचा एक पदार्थ तिने खाल्ला. त्यावरील वेष्टनात तिळाचा उल्लेख नव्हता. पिठात मात्र तीळ होते. दुकानातच बनविलेल्या पदार्थावर घटकांची यादी छापण्याची सक्ती त्या वेळच्या नियमांत नव्हती. वडिलांनी विमानातच दोन इंजेक्शने टोचली, तरी ती वाचली नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे अशा वेष्टित पदार्थांवर संपूर्ण यादी देणे सक्तीचे झाले. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनी वेष्टित पदार्थांत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कवचफळे, सोयाबीन आदी असल्यास तसा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक ठरविले. तिळाचा मात्र त्या यादीत समावेश नव्हता.

वर्ज्य करणे हाच एकमेव उपाय, ही समजूतही याच काळात डळमळीत झाली. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने असा सल्ला दिला होता की, ज्या घराण्यांत असे विकार आहेत तेथील बालकांस तीन वर्षे पूर्ण होईतो शेंगदाणा देऊ नये. २००८ साली हा सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी एक मार्मिक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे १.८५ टक्के आढळले, तर इस्रायलमधील मुलांत ०.१७ टक्के, आणि इस्रायलमध्ये बालकांना शेंगदाण्याचा खाऊ पहिल्या वर्षातच देत असत. त्यावरून गिडियन लॅक यांनी ६४० बालकांवर मोठा प्रयोग केला. या बालकांना तीव्र इसब, अंड्याचे वावडे किंवा दोन्ही असल्यामुळे त्यांना अधिक धोका होता. त्याचा निष्कर्ष २०१५ साली जाहीर झाला. ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला होता, त्यांच्यापैकी १७.२ टक्के मुलांत पाचव्या वर्षी वावडे दिसले. ज्यांना तो नियमितपणे दिला होता, त्यांच्यापैकी केवळ ३.२ टक्के मुलांत. अर्थात हा प्रयोग वावडे होऊ नये यासाठी होता. ज्या मुलास ते आधीच झाले आहे, त्याला घरच्या घरी असे काही देणे म्हणजे साक्षात संकट ओढवून घेणे होय. तसेच अख्खा दाणा तान्ह्या मुलाच्या घशात अडकतो, याचाही विसर पडू नये.

आधीच वावडे असलेल्यांसाठी २०२० च्या जानेवारीत अमेरिकेत एका औषधास मान्यता मिळाली. शेंगदाण्याच्या पिठाच्या अतिसूक्ष्म मात्रा चढत्या क्रमाने देण्याचे हे औषध ४ ते १७ वर्षांच्या मुलांकरिता होते. त्याने वावडे समूळ जात नाही. चुकून अंश पोटात गेल्यास होणारी इजा सौम्य होते. २०२४ साली इम्युनोग्लोब्युलिन ई या द्रव्यासच निष्प्रभ करणाऱ्या एका इंजेक्शनास त्याच हेतूने संमती देण्यात आली. स्कोफिल्ड यांच्या त्या दहा हजाराव्या भागाच्या गोळीस शतकाहून अधिक काळाने असा न्याय मिळाला.

आपल्या घरांशी या सर्व इतिहासाचा संबंध काय, असे कोणी विचारील. चीन, भारत व रशिया येथील मुलांची एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. भारतातील पाहणी कर्नाटकात झाली होती. तीत अन्नाचे संभाव्य वावडे ०.१४ टक्के मुलांतच आढळले. हाँगकाँगमध्ये हे प्रमाण १.५ टक्के होते. आकडा लहान आहे ही समाधानाची गोष्ट; परंतु त्यातच एक धोकाही दडलेला आहे. हजार मुलांच्या शाळेत असे एखादेच मूल असावयाचे. शिक्षकाने तसे मूल पूर्वी पाहिलेले नसते, शेजारणीने ऐकलेले नसते, आणि म्हणून त्या एकट्या मुलाचे म्हणणे खोटे ठरविणे सर्वांनाच सोपे जाते.

त्यात महाराष्ट्राची पाककृती अशी की, उपवासाच्या खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत दाण्याचा कूट कोठे असेल याचा नेम नाही; आणि संक्रांतीस तिळगूळ नाकारणे म्हणजे स्नेहच नाकारणे, असा रिवाज. शाळेत डबे वाटून खाण्याची चाल आहे, मंदिरात प्रसाद परतविण्याची चाल नाही. पंगतीतील आग्रह हे तर महाराष्ट्रीय आतिथ्याचे भूषण मानले जाते. ते भूषण आहेच; परंतु “एवढ्याशाने काय होते?” या प्रेमळ प्रश्नाचे उत्तर एखाद्या मुलाच्या बाबतीत फार भयंकर असू शकते. त्वचेचा ओरखडा, दोघा डॉक्टरांनी स्वतःवर केलेला प्रयोग, दप्तरातील सुई, दोन मुलींच्या नावांनी ओळखले जाणारे कायदे, या सर्वांनी शंभर वर्षांत एवढेच सिद्ध केले की, ते मूल खरे बोलत होते. हे सिद्ध करण्याचे श्रम आता कोणा यजमानास, कोणा गुरुजींस पुन्हा घ्यावयाचे नाहीत. पानावर बसलेल्या मुलाने हात आडवा केला, तर वाढणाऱ्याने त्या पदार्थात काय घातले आहे ते त्यास सांगावे आणि पुढच्या पानाकडे वळावे.